रॉयल ओकचा आवाज

अमेरिकेतील महामंदीच्या काळात रविवारी दुपारी शहरातल्या एखाद्या वस्तीतून चालत गेले, तर घराघरांच्या उघड्या खिडक्यांतून एकच आवाज कानी येई आणि चालणाऱ्याचे त्या भाषणातील एक वाक्यही चुकत नसे, अशी आठवण त्या पिढीतील अनेकांनी सांगून ठेवली आहे. तो आवाज राष्ट्राध्यक्षांचा नव्हता, की एखाद्या लोकप्रिय गायकाचाही नव्हता. डेट्रॉईट शहरालगतच्या रॉयल ओक या छोट्या गावातील कॅथलिक चर्चचा धर्मगुरू त्या वेळी बोलत असे. फादर चार्ल्स एडवर्ड कॉगलिन हे त्यांचे नाव. कधी तीन कोटी लोक त्यांना ऐकत होते, असा अंदाज केला जातो. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. रेडिओवरून थेट श्रोत्यांशी बोलून जनमत घडवण्याची जी परंपरा अमेरिकेत पुढे रुजली, तिचा उगम शोधू गेल्यास वाट रॉयल ओकच्या त्या चर्चपर्यंत जाते. आधार आणि विखार, दोन्ही एकाच ध्वनिक्षेपकातून कसे पाझरू शकतात, याची ही कहाणी आहे.

कॉगलिन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८९१ रोजी कॅनडातील हॅमिल्टन येथे एका आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांची बाजू मांडणारे 'रेरुम नोव्हारुम' हे प्रसिद्ध परिपत्रक काढले होते. पुढे कॉगलिन यांनी आपल्या सामाजिक विचारांना ज्या परिपत्रकाचा आधार घेतला, ते त्यांच्याच वयाचे असावे, हा योगायोगच म्हणायचा. टोरांटोच्या सेंट मायकल्स महाविद्यालयातून १९११ मध्ये पदवी घेतल्यावर ते बॅसिलियन संघात दाखल झाले. १९१६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी ओंटारिओ प्रांतातील विंडसर येथे अध्यापन केले. वक्तृत्वाची देणगी त्यांना उपजत होती आणि डेट्रॉईट नदीच्या पलीकडील अमेरिकी चर्चमधूनही त्यांना प्रवचनासाठी बोलावणी येत. बॅसिलियन संघाने आपल्या सदस्यांवर दारिद्र्याच्या व्रताचे कडक बंधन घालायचे ठरवले, तेव्हा कॉगलिन यांनी ते स्वीकारले नाही. १९२३ मध्ये ते संघ सोडून डेट्रॉईट धर्मप्रांतात दाखल झाले.

डेट्रॉईटचे बिशप मायकल गॅलघर यांच्यावर मोठा विश्वास टाकून होते. लिझ्यू येथील संत तेरेजा म्हणजेच 'लिटल फ्लॉवर' हिला १९२५ मध्ये संतपद बहाल झाले. तिच्या नावाने रॉयल ओक येथे नवे चर्च उभारण्याची जबाबदारी बिशपांनी १९२६ मध्ये कॉगलिन यांच्यावर सोपवली. त्या परिसरात कॅथलिक कुटुंबे होती जेमतेम पंचवीस-तीस. चर्चची लाकडी इमारत कर्जातून उभी राहिली होती आणि ते कर्ज फेडायचे कसे, हा प्रश्न होता. त्यात कॅथलिक व ज्यू यांचा द्वेष करणाऱ्या 'कू क्लक्स क्लॅन' या संघटनेचा मिशिगन राज्यात जोर होता. क्लॅनच्या लोकांनी चर्चच्या आवारात जळता क्रूस उभा केल्याची हकिगत कॉगलिन पुढे आयुष्यभर सांगत राहिले. तिच्या तपशिलाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली असली, तरी कॅथलिकांना त्या भागात परके लेखले जात होते, यात शंका नाही. द्वेषाची झळ म्हणजे काय, हे या धर्मगुरूला ठाऊक होते. त्यांच्या पुढील प्रवासाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी कॉगलिन यांनी डेट्रॉईटच्या 'डब्ल्यूजेआर' या रेडिओ केंद्राकडे धाव घेतली. केंद्राचे व्यवस्थापक लिओ फिट्झपॅट्रिक यांनी त्यांना वेळ देऊ केली. १७ ऑक्टोबर १९२६ या रविवारी चर्चच्या वेदीपाशी ध्वनिक्षेपक ठेवून त्यांचे पहिले भाषण प्रक्षेपित झाले. तेव्हा अमेरिकेतही व्यावसायिक रेडिओ अवघा सहा वर्षांचा होता. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले ते त्यानंतर नऊ महिन्यांनी, २३ जुलै १९२७ रोजी. सुरुवातीचे कार्यक्रम मुख्यतः मुलांसाठी होते. धर्मशिक्षण, प्रार्थना, संतांच्या गोष्टी असा त्यांचा साधा आशय होता. परंतु कॉगलिन यांच्या आवाजात विलक्षण ओढ होती. स्वरातला किंचित आयरिश हेल, घोळवून उच्चारलेला 'र', हलक्या आवाजात सुरू होऊन हळूहळू चढत जाणारे वाक्य यांमुळे ऐकणाऱ्याला हा गृहस्थ आपल्याच घरातील खुर्चीवर बसून बोलतो आहे, असे वाटे. पत्रे येऊ लागली. पत्रांसोबत नोटा आणि नाणी येऊ लागली. १९२९ मध्ये शिकागो आणि सिनसिनाटी येथील केंद्रांनीही हा कार्यक्रम घेतला. १९३० मध्ये 'सीबीएस' या राष्ट्रीय जाळ्यावरून तो देशभर पोहोचला.

दरम्यान ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला होता. मोटारींचे शहर असलेल्या डेट्रॉईटमध्ये कारखान्यांचे दरवाजे एकामागून एक बंद होत होते. १९३३ पर्यंत देशात दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. मिशिगनमध्ये त्या वर्षीच्या फेब्रुवारीत राज्यपालांनी सर्व बँका बंद ठेवण्याचा आदेश दिला आणि लोकांची आयुष्याची पुंजी अडकून पडली. अशा वेळी चर्चमधील धर्मगुरूंनी केवळ परलोकाविषयी बोलावे, हे कॉगलिन यांना मान्य नव्हते. १९३० च्या आरंभापासून त्यांच्या भाषणांचा रोख बदलला. आधी साम्यवादावर आणि मग बेलगाम भांडवलशाहीवर त्यांनी कोरडे ओढले. कामगाराला पोटापुरती मजुरी मिळणे हा त्याचा हक्क आहे, संपत्तीवर समाजाचेही ऋण असते आणि सावकारांच्या हाती देशाचा पैसा असणे घातक आहे, हे मुद्दे ते पुनःपुन्हा मांडत. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांचे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे परिपत्रक आले आणि कॉगलिन यांच्या भूमिकेला बळ मिळाले. घराचे हप्ते थकलेल्या, नोकरी गेलेल्या माणसाला आपल्या दुर्दशेचा दोष आपला नाही, हे कोणीतरी अधिकाराने सांगत होते. त्या शब्दांचे मोल त्या काळात मोठे होते.

राष्ट्रीय जाळ्याला मात्र हा दाहक मजकूर परवडेना. जानेवारी १९३१ मध्ये व्हर्सायच्या तहावरील नियोजित भाषण सौम्य करावे, असे 'सीबीएस'ने सुचवले. कॉगलिन यांनी त्या रविवारी तहाऐवजी या दडपणाविषयीच श्रोत्यांना सांगितले. कंपनीच्या कार्यालयात निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीने त्यांचा करार वाढवला नाही आणि 'एनबीसी'नेही दार उघडले नाही. एखादा दुसरा वक्ता इथे थांबला असता. कॉगलिन यांनी वेगवेगळ्या शहरांतील स्वतंत्र केंद्रांची वेळ विकत घेतली, टेलिफोनच्या तारांनी ती केंद्रे जोडली आणि स्वतःचे जाळे उभारले. खर्च भागत होता तो श्रोत्यांच्या देणग्यांतून.

या घटनेचे महत्त्व तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याच सुमारास 'एनबीसी'वर 'द कॅथलिक अवर' हा कार्यक्रम होत असे आणि त्यातून फुल्टन शीन हे विद्वान धर्मगुरू लोकप्रिय झाले होते. त्या कार्यक्रमामागे कॅथलिक पुरुषांची राष्ट्रीय परिषद उभी होती. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओचे उद्‌घाटन झाले, तो तर साक्षात पोपचा आवाज होता. कॉगलिन यांच्यामागे असे कोणी नव्हते. त्यांच्या शब्दावर नजर ठेवणारे कंपनीचे संपादकही आता उरले नव्हते. चर्चच्या नियमानुसार ते केवळ आपल्या बिशपांना जबाबदार होते आणि बिशप गॅलघर त्यांचे चाहते होते. शिकागो किंवा बॉस्टनच्या कार्डिनलना रॉयल ओकच्या धर्मगुरूवर कोणताही अधिकार नव्हता. बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी जाहीर नापसंती दर्शवूनही काही झाले नाही, ते यामुळेच. धर्मप्रांताला सीमा असते. रेडिओच्या लहरींना ती नव्हती.

भरभराटीच्या काळात रॉयल ओकला आठवड्याला सुमारे ८० हजार पत्रे येत. ती उघडण्यासाठी शंभराहून अधिक कारकून नेमावे लागले. लाकडी चर्चच्या जागी भव्य वास्तू उभी राहू लागली. रस्त्यालगतचा दगडी मनोरा १९३१ मध्ये पूर्ण झाला. त्यावर क्रूसावरील ख्रिस्ताची प्रचंड मूर्ती कोरलेली आहे. हा क्रूस कोणाला जाळता येणार नाही, अशी कॉगलिन यांची त्यामागची भावना होती. याच मनोऱ्यात त्यांची भाषणे तयार करण्याची खोली होती. १९३६ मध्ये अष्टकोनी चर्चही पूर्ण झाले. यातील कित्येक दगडांची किंमत बेकार कामगारांनी पाकिटात घालून पाठवलेल्या नाण्यांनी चुकती झाली होती.

१९३२ च्या निवडणुकीत कॉगलिन यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या बाजूने आपले वजन टाकले. रूझवेल्ट निवडून आल्यावर नव्या राजवटीत आपल्याला सल्लागाराचे स्थान मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. रूझवेल्ट यांनी गोड बोलून त्यांना अंतरावरच ठेवले. कॉगलिन हे चांदीला चलनात मोठे स्थान द्यावे, असा आग्रह धरत होते. एप्रिल १९३४ मध्ये सरकारी अर्थखात्याने चांदीचे सौदे करणाऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हा कॉगलिन यांच्या संस्थेच्या नावावर पाच लाख औंस चांदीचे वायदे असल्याचे उघड झाले. व्यवहार त्यांच्या सचिव महिलेने संस्थेच्या वतीने केला होता. सटोडियांना शिव्याशाप देणाऱ्या धर्मगुरूच्या पदरी हे सौदे निघावेत, ही नामुष्की होती. श्रोते मात्र ढळले नाहीत. ज्याच्यावर त्यांनी विश्वास टाकला होता, त्याच्यावरचा आरोप हे त्यांना शत्रूचे कारस्थान वाटले.

नोव्हेंबर १९३४ मध्ये कॉगलिन यांनी 'नॅशनल युनियन फॉर सोशल जस्टिस' ही संघटना स्थापन केली. तिची ताकद दोनच महिन्यांत दिसली. आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेने सहभागी व्हावे, असा ठराव सिनेटपुढे होता आणि तो मंजूर होणार, असे धरून चालले होते. मतदानापूर्वीच्या रविवारी कॉगलिन यांनी श्रोत्यांना सिनेटरांना तारा करण्याचे आवाहन केले. वॉशिंग्टनमधील तार कार्यालये हजारो तारांखाली दबून गेली. २९ जानेवारी १९३५ रोजी ठरावाच्या बाजूने ५२ आणि विरोधात ३६ मते पडली. दोन तृतीयांश बहुमत हुकले आणि ठराव पडला. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट व सिनेटर ह्यूई लाँग हेही विरोधात होते. पण एका रविवारच्या भाषणाने काय होऊ शकते, हे राजकारण्यांना कळून चुकले.

या यशाने कॉगलिन यांचा तोल गेला, असे म्हणता येईल. १९३६ मध्ये त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध 'युनियन पार्टी' उभी करून नॉर्थ डाकोटाचे विल्यम लेम्के यांना रिंगणात उतरवले. जुलैमध्ये क्लीव्हलंड येथील सभेत त्यांनी आवेशाच्या भरात अंगावरील काळा डगला आणि धर्मगुरूची कॉलर काढून राष्ट्राध्यक्षांना खोटारडे ठरवले. आठवड्याभरात त्यांना जाहीर माफी मागावी लागली. कामगारांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झटलेले धर्मगुरू व अर्थशास्त्रज्ञ जॉन रायन यांनी रेडिओवरून त्यांचे अर्थशास्त्र खोडून काढले. लेम्के यांना ९० लाख मते मिळाली नाहीत तर आपण रेडिओ सोडू, अशी प्रतिज्ञा कॉगलिन यांनी केली होती. प्रत्यक्षात मते पडली नऊ लाखांहूनही कमी. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. कोट्यवधी लोक कॉगलिन यांना ऐकत होते. पण मत देताना त्यांनी आपल्या संसाराचा विचार केला. प्रतिज्ञेप्रमाणे कॉगलिन यांनी निरोप घेतला आणि दोन-अडीच महिन्यांतच ते परत आले. त्याच सुमारास बिशप गॅलघर यांचे निधन झाले आणि डेट्रॉईटला आर्चबिशप एडवर्ड मूनी आले.

या पराभवानंतरचे कॉगलिन वेगळे होते. दुःखी माणसाला धीर देणे मागे पडले आणि त्याच्या दुःखाला जबाबदार कोण, याचा शोध पुढे आला. सावकार, आंतरराष्ट्रीय बँकवाले असे मोघम शब्द ते पूर्वीपासून वापरत होतेच. आता त्या शब्दांमागे ज्यू हा चेहरा उघडपणे दिसू लागला. 'सोशल जस्टिस' या त्यांच्या साप्ताहिकाने जुलै १९३८ पासून 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' हे ज्यूंच्या तथाकथित जागतिक कटाचे दस्तऐवज छापायला सुरुवात केली. हे दस्तऐवज बनावट असल्याचे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच सिद्ध केले होते.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनीत नाझींनी ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली, हजारो दुकाने फोडली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना अटक करून छळछावण्यांत धाडले. अमेरिकाभर संतापाची लाट उसळली. २० नोव्हेंबरच्या रविवारी कॉगलिन बोलले. नाझीवाद ही साम्यवादाविरुद्धची प्रतिक्रिया आहे आणि साम्यवादाला ज्यू जबाबदार आहेत, असा त्या भाषणाचा सूर होता. ज्यांची घरेदारे जळत होती, त्यांनाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्या माणसाने स्वतःच्या चर्चसमोरील जळत्या क्रूसाची गोष्ट देशाला सांगितली होती, त्याने जळत्या प्रार्थनास्थळांविषयी हे बोलावे, यापरता अधःपात नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्यांच्या नावाने साप्ताहिकात आलेल्या लेखातील मोठा भाग जर्मन प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या १९३५ मधील भाषणाशी जुळत असल्याचे निदर्शनास आले.

न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूएमसीए' या केंद्राने ते भाषण संपताच त्यात चुकीची विधाने असल्याचे श्रोत्यांना सांगितले. पुढील भाषणाची संहिता आधी दाखवावी, ही केंद्राची अट कॉगलिन यांनी नाकारली. केंद्राने त्यांचे प्रक्षेपण बंद केले. मग दर रविवारी त्यांचे अनुयायी केंद्रासमोर निदर्शने करू लागले आणि हा प्रकार अनेक महिने चालला. शिकागोचे कार्डिनल जॉर्ज मुंडेलाइन यांनी हा धर्मगुरू कॅथलिक चर्चच्या वतीने बोलत नाही, असे जाहीर केले. कॉगलिन यांच्या प्रेरणेतून निघालेल्या 'ख्रिश्चन फ्रंट'चे तरुण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ज्यूंना मारहाण करत होते. जानेवारी १९४० मध्ये बंडाच्या कटाच्या आरोपावरून एफबीआयने त्यांच्यापैकी काहींना पकडले. न्यायालयात मात्र हा आरोप टिकला नाही. १९३९ मध्ये जर्मनीतील २० हजार निर्वासित मुलांना अमेरिकेत घेण्याचे विधेयक मांडले गेले. ते मतदानापर्यंतही पोहोचले नाही. याचा दोष एकट्या कॉगलिन यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण ती दारे बंद ठेवणारे वातावरण तयार करण्यात त्यांच्या आवाजाचा वाटा होता.

हा आवाज अखेर थांबला तो दोन टप्प्यांत. अमेरिकी रेडिओ केंद्रांच्या संघटनेने १९३९ मध्ये नवी आचारसंहिता केली. वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकायची नाही, अशा विषयांवर सर्व बाजूंना मोफत आणि समतोल वेळ द्यायची, असे तिचे सूत्र होते. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याला हवा तितका वेळ बोलता येण्याचा मार्ग यामुळे बंद झाला. एकेक केंद्र गळत गेले आणि १९४० च्या सप्टेंबरमध्ये कॉगलिन यांनी रेडिओवर परतणार नसल्याचे जाहीर केले. साप्ताहिक मात्र चालू होते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यानंतरही त्याचा सूर बदलला नाही. एप्रिल १९४२ मध्ये ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी त्याची टपालाची सवलत काढण्याची कारवाई सुरू केली. धर्मगुरूला न्यायालयात खेचल्यास युद्धकाळात कॅथलिक समाज दुखावेल, ही सरकारला चिंता होती. मध्यस्थामार्फत आर्चबिशप मूनी यांच्याशी बोलणे झाले. मूनी यांनी १ मे १९४२ रोजी कॉगलिन यांना सर्व सार्वजनिक कार्य थांबवण्याचा आदेश दिला. न मानल्यास धर्मगुरूपद गमावण्याची पाळी आली असती. कॉगलिन यांनी आदेश मानला.

कोट्यवधींना हलवणारा माणूस त्यानंतर चोवीस वर्षे त्याच चर्चमध्ये मिस्सा अर्पण करत, बाप्तिस्मे आणि विवाह लावत राहिला. धर्मग्रामातील अनेकांच्या लेखी ते आस्थेने विचारपूस करणारे फादर होते. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. २७ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाची ८८ वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, ब्लूमफील्ड हिल्स येथील घरी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अमेरिकी रेडिओचे नियम बदलत गेले. दोन्ही बाजूंना स्थान देण्याचे बंधन घालणारे १९४९ चे सरकारी धोरण १९८७ मध्ये रद्द झाले आणि केवळ बोलण्यावर चालणाऱ्या केंद्रांचे पेव फुटले. त्यात कॅथलिक केंद्रेही होती. रॉयल ओकपासून तासाभराच्या अंतरावरील ॲन आर्बर येथे नव्वदच्या दशकात 'ॲव्हे मारिया रेडिओ' सुरू झाला. आज ध्वनिक्षेपकासाठी केंद्राचीही गरज उरलेली नाही. तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

रॉयल ओकचे चर्च २०१५ मध्ये बॅसिलिकेच्या दर्जाला पोहोचले. दगडी मनोरा आणि त्यावरील ख्रिस्त आजही हमरस्त्यावरून दिसतो. ज्यांच्या नाण्यांतून तो उभा राहिला, त्यांना धीराचे शब्द हवे होते आणि सुरुवातीला ते मिळालेही. पुढे त्याच पाकिटांतून आलेल्या पैशांवर द्वेषाचे प्रक्षेपण झाले. पाठवणाऱ्यांपैकी कित्येकांना हा बदल कधी झाला, ते समजले नाही. कारण आवाज तोच होता, वेळ तीच होती आणि वारही रविवारच होता.